कागद, चासी, मग इंजिन

विदर्भात जुनी जीप शोधायला निघालेल्या माणसाला ती दुकानात क्वचितच भेटते. ती असते काटोल-नरखेडकडच्या एखाद्या संत्रा बागायतदाराच्या गोठ्याला लागून, ताडपत्रीखाली, मागच्या बाकावर खताची रिकामी पोती घेऊन. नाहीतर नागपुरात कामठी रोडच्या एखाद्या गॅरेजच्या मागच्या अंगाला, चाकं काढून, विटांच्या चळतींवर. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, विकायची नाही. चहा येतो, पावसापाण्याच्या गप्पा होतात आणि निघता निघता किंमतही कळते.

या गाड्या इथवर आल्या त्या दोन वाटांनी. दुसऱ्या महायुद्धात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपलं तेव्हा त्यांतल्या बऱ्याच भारतातल्या लष्करी तळांवर उभ्या होत्या. त्या लिलावात निघाल्या आणि ‘डिस्पोजलची जीप’ म्हणून ठेकेदार, मालगुजार, लाकूड व्यापारी यांच्याकडे गेल्या. दुसरी वाट मुंबईहून आली. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. १९४७ मध्ये माझगावात आयात केलेले सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. पुढे विलीजचं उंच बॉनेटचं सीजे-३बी हे मॉडेल इथे बनू लागलं. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झालं, तरी आपल्याकडे ते त्यानंतरही बनत राहिलं. आपल्याकडचे लोक ज्या गाडीला सरसकट ‘विलीज’ म्हणतात ती बहुतेक वेळा युद्धातली नसून हीच असते.

ओळखायला सोपं आहे. युद्धातल्या जीपचं बॉनेट ठेंगणं आणि पुढच्या जाळीला नऊ फटी. सीजे-३बीचं बॉनेट उंच आणि फटी सात. बॉनेट उंच झालं ते दिसण्यासाठी नव्हे. त्याखालच्या २.२ लिटरच्या हरिकेन इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेले होते, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. नऊ फटींची जाळी वेगळी विकत घेऊन सीजेवर बसवायची आणि ‘४२ सालची’ म्हणून किंमत सांगायची, हा धंदाही लोक फक्त फटी मोजतात म्हणून चालतो. जाळी मोजून फसणाऱ्याने बॉनेट मोजावं.

विदर्भाला ही गाडी मानवली त्याला कारण इथली काळी माती. मृगाचा दुसरा पाऊस झाला की पांदण रस्त्यावर बैलबंडीसुद्धा आसापर्यंत रुतते. सीजे-३बीचा पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो आणि डिफरन्शियल या तिघांचा गुणाकार केला तर इंजिनाचे ३७ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. वेग माणसाच्या चालीएवढा, पण ओढ अशी की चाक चिखलाला हिसका न देता हळूहळू पकड घेत जातं. शेतकऱ्यांच्या आधी हे शिकाऱ्यांना कळलं होतं. १९५०-६० च्या दशकांत नागपुरात अल्विन कूपर ही परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार घडवणारी कंपनी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यवसाय संपवला. जीप मात्र जंगलातच राहिली, आता वनखात्याची म्हणून. त्याच काळात पाटबंधारे, बांधकाम, आरोग्य, महसूल अशा सगळ्या खात्यांकडे ती होती. निकामी झाली की लिलाव व्हायचा आणि तिसऱ्या मालकाकडे जाईस्तोवर तिच्या चासीत तुकडा जोडून, लांबी वाढवून, ती काळीपिवळी होऊन तालुक्याच्या स्टँडवर उभी असायची.

हा इतिहास सांगायचं कारण असं की आज विकायला असलेली जवळपास प्रत्येक जीप तीन-चार जन्म जगलेली आहे. ती मूळची कशी होती आणि आज कागदावर काय आहे, यांत अंतर असणारच. ते किती आहे हे शोधणं म्हणजेच जीप विकत घेणं. हौशी माणूस टायर आणि रंग बघतो, मग इंजिन सुरू करून आवाज ऐकतो, घरी आणल्यावर चासी बघतो आणि आरटीओत गेल्यावर कागद. क्रम नेमका उलटा हवा. नागपूरचा जाणता मिस्त्री एका वाक्यात सांगतो : "इंजिनाचं आपण पाहून घेऊ भाऊ, पयले कागद दाखवा."

कागदात पहिली गोष्ट म्हणजे आरसी बुक खरोखर आहे का. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला, त्यानंतर नागपूर शहराला एमएच-३१ आलं. त्याआधीच्या गाड्यांचा नंबर तीन अक्षरांचा. अशा गाड्यांची नोंद अनेकदा जुन्या रजिस्टरातच राहिलेली असते, ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली नसते. मग बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ पुस्तक हातात लागतं. झेरॉक्सवर व्यवहार करू नये. गोठ्यातल्या जीपचा मूळ मालक पुष्कळदा हयात नसतो आणि मुलगा ‘आमचीच गाडी आहे’ म्हणून सही करायला तयार असतो. तशी सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून तुमच्या. वारस तीन असतील आणि एक पुण्याला असेल तर त्याची संमती येईपर्यंत इसार देण्याची घाई नको.

त्यानंतर मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. नोंदणी पंधरा वर्षं थकलेली असेल तर हा सगळा हिशेब किमतीतून वजा करायला हवा, आणि विकणाऱ्याला तो आवडत नाही.

लष्करी गाडीचं प्रकरण वेगळं. नागपूरहून अडीच-पावणेतीनशे किलोमीटरवर जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी आहे. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यात निस्सानच्या परवान्यावर जोंगा ही लष्करी जीप बनायची, १९९९ पर्यंत बनली. जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आणि ते पेट्रोल पितं असं की भल्याभल्यांनी ते काढून डिझेल बसवलं. लष्कराच्या नंबरप्लेटवर वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे असतात. लिलावात गाडी घेणाऱ्याने विक्रीचं पत्र घेऊन ती आरटीओत नव्याने नोंदवायची असते. त्याने ते केलं नसेल आणि ते पत्र पुढे कुणाकडे कुणाकडे फिरत हरवलं असेल, तर तुमच्यासमोर उभी आहे ती फक्त भंगाराची किंमत असलेली सुंदर वस्तू. हल्ली सरकारी लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात, ‘जसे आहे जेथे आहे’ या अटीवर. खात्यांच्या जीपचा जुना झरा मात्र आटला. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच जायला हव्यात. म्हणजे तहसील कार्यालयाच्या आवारात गवतात उभी असलेली जीप पाहून चौकशी करण्यात आता अर्थ उरलेला नाही.

कागद आणि गाडी एकमेकांचे आहेत का, हा पुढचा प्रश्न. चासीवर ठोकलेला नंबर शोधायचा, त्यावरचा रंग रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, कागद ठेवून पेन्सिल घासायची. आरटीओतही हीच चासी प्रिंट लागते. उमटलेल्या आकड्यांची रांग सरळ आहे का, एखादा आकडा जास्त खोल गेलाय का, भोवतालचं लोखंड ग्राइंडरने घासून पातळ झालंय का, हे बोटाने कळतं. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद जपून ठेवून ते दुसऱ्याच चासीला लावण्याचा प्रकार नवा नाही.

इथे एकदाची चासी समोर आलीच आहे, तर तिच्याखाली सतरंजी टाकून आडवं व्हावं. पाव किलोची हातोडी घ्यावी आणि पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत दर वितीला ठोकत जावं. निरोगी चॅनेल खणखणीत वाजतो. गंजलेला बद्द वाजतो आणि त्यातून मातीचा भुगा गळतो. काळी माती ओल धरून ठेवते, आणि चासीच्या बंद पोकळीत गेलेली माती पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सुकत नाही. सगळ्यात आधी गंजतात ते स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर आणि मागचा आडवा मेंबर, कारण तिथेच ट्रॉली ओढायचा हूक वेल्ड केलेला असतो. काळीपिवळी झालेल्या गाडीला मधोमध जोड दिसतो. तो काढून चासी पुन्हा मूळ लांबीची करून विकलेल्याही गाड्या आहेत. दोन्ही बाजूंना सारख्याच जागी वेल्डिंगची रेघ दिसली की समजावं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. बाकी पत्र्याच्या बाबतीत विदर्भ दयाळू आहे. कोकणपट्टीतली जीप खाऱ्या हवेने चाळणी होते. इथल्या कोरड्या उन्हात तळ आणि चाकावरची मडगार्डं सोडली तर चाळीस वर्षांचा पत्रा टिकलेला दिसतो. मुंबईचे घेणारे नागपूर-अमरावतीकडे चौकशी करतात ती उगाच नाही.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवावं. खडखड आली तर किंगपिन किंवा बेअरिंग गेलं. चाळीसच्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं नाचू लागतात आणि स्टीयरिंग हातात राहत नाही, तो आजार बहुतेक इथून सुरू होतो. पुष्कळ जण त्यावर उपाय म्हणून स्टीयरिंग डॅम्पर लावतात. त्याने दुखणं झाकलं जातं. किंगपिन, टाय-रॉडची टोकं आणि पाट्यांचे बुश हे एकदाच बदलून टाकावेत, खर्च फार नाही. चारही चाकांची ओढ तपासायची तर गाडी मातीत न्यायला हवी, डांबरावर ती कळत नाही. मुख्य गिअरच्या शेजारी दोन छोट्या दांड्या असतात, एक पुढच्या चाकांना जोडणारी, दुसरी हाय-लोची. लो टाकल्यावर दांडी आपोआप बाहेर उडत असेल तर ट्रान्सफर केस खोलायची वेळ आली आहे.

आता इंजिन. आणि ते शेवटी का, तर महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याला ते दुरुस्त होतं म्हणून. पेट्रोल हरिकेनचं बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतात. त्याचे बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह अजून ब्लॉकमध्येच आहेत. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, तोवर शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत होता. इंजिन खोललंच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. नागपूरच्या मे महिन्यात या इंजिनाचा दुसरा खेळ सुरू होतो. पेट्रोलचा पंप ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला. पारा ४५ वर, सिग्नलला गाडी उभी, पंपाच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे. कायमचा इलाज म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं, तिला उष्णतारोधक गुंडाळणं आणि रेडिएटरची जाळी साफ ठेवणं. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेल्या गाडीत ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटा चुनखडीने अरुंद झालेल्या असतात, त्या इंजिन उघडल्याशिवाय साफ होत नाहीत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यायचे. हा खर्च किरकोळ आहे आणि टाळला तर पेट्रोल गळतं ते गरम मॅनिफोल्डच्या शेजारी.

डिझेलमध्ये दोन घराणी. महिंद्राचं एमडीआय, ज्याला मिस्त्री सरळ ट्रॅक्टरचं इंजिन म्हणतात. धडधड भारी, पण हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना असलेल्या जिल्ह्यात त्याला हात लावणारा माणूस गावोगाव मिळतो. दुसरं प्यूजोचं २.१ लिटरचं, १९८५ च्या सुमाराच्या एमएम-५४० मधलं, ६२ अश्वशक्तीचं. ते शांत, पळायला चांगलं, पण तापवलं की हेड वाकतं. थंडीत सकाळी हीटर प्लग न तापवता सेल्फ मारत बसणारा मालक असला तर त्याची बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदललेले सापडतील.

मारुती जिप्सीचं वय अजून विंटेजचं नाही, पण हौशी मंडळींची रांग तिच्याकडे वळली आहे. डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीची आली, १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ आली, २००० मध्ये इंजेक्शनवाली ८० अश्वशक्तीची. तीसहून जास्त वर्षं बनून ती थांबली. पेंच आणि ताडोब्याच्या सफारीत उघड्या टपाच्या जिप्सी दिसतात. तिथून निवृत्त झालेली गाडी घेताना किलोमीटरचा आकडा पाहू नये. कमी वेगाने, धुळीत, दिवसातून दोनदा, सहा पर्यटक मागे बसवून चाललेल्या गाडीचे पाटे आणि क्लच आकड्याच्या पुढे गेलेले असतात.

बदल करण्याच्या बाबतीत कायदा नेमका आहे आणि लोकांना तो नेमका ठाऊक नसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हरियाणातल्या मंडी डबवालीहून रुंद टायर, एलईडी बार आणि भलत्याच इंजिनासह तयार होऊन येणाऱ्या ‘मॉडिफाइड’ जीप इथेही विकल्या जातात. त्यांतल्या किती आरटीओत पासिंगला उभ्या राहू शकतील हे विकणाऱ्याला विचारून पाहावं. आणखी एक गंमत म्हणजे रंग. जीप म्हटलं की प्रत्येकाला लष्करी हिरवा हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. रंगाऱ्याला हिरव्याची दुसरी छटा सांगावी, किंवा जुन्या सीजेचा राखाडी.

मग मूळ रूपात परत आणायची का? इथे २०२१ चा विंटेज नियम येतो. योगायोग असा की जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आणि जुन्या गाड्या जपायचा हा नियम, दोन्ही एकाच वर्षी आणि एकाच मंत्रालयातून आले, आणि मंत्री नागपूरचेच खासदार, नितीन गडकरी. नियम म्हणतो, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल न झालेली गाडी विंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. त्या बदल्यात रोजच्या वापराला आणि धंद्याला ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं, इतकंच.

विदर्भातल्या जीपला हा नियम लावायचा म्हटला की अडचण दिसते. १९६८ ची सीजे-३बी, पण १९८० च्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल बसवलेलं. ती वयाने विंटेज, इंजिनाने नाही. मूळ हरिकेन शोधून बसवलं तर कायद्याचं समाधान होईल आणि ज्या काळात तिने शेती ओढली तो काळ पुसला जाईल. मला विचाराल तर रॅलीत उभी करायची असेल तरच मूळ रूपाच्या मागे लागावं. पांदण आणि जंगलवाटेसाठी हवी असेल तर आरसीवर डिझेलची नोंद झालेली गाडी घ्यावी, नीट नोंद असलेलं इंजिनच ठेवावं आणि पैसा ब्रेकवर घालावा. जुन्या सीजेचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगळी सर्किटं करून घेण्याबद्दल आधी आरटीओतल्या निरीक्षकाशी बोलावं, लेखी घ्यावं, मग काम करावं. विंटेजवाले नाक मुरडतील. तुमच्या मागच्या बाकावर मुलं बसणार असतील तर त्यांच्या नाकाकडे बघू नये. टायरही मूळ ६.००-१६ चेच चांगले. रुंद टायरने चिखलात फार काही साधत नाही, उलट अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या टणक जमिनीवर टेकतो आणि स्टीयरिंगवर ताण येत नाही.

इंजिन बांधून झालं की लगेच कुणीतरी पेंचच्या तोतलाडोह धरणाकडे जायचा बेत काढतो. थांबावं. नव्या रिंगा लायनरमध्ये बसायला पहिले पाचशे किलोमीटर लागतात. त्यात एकसारख्या वेगाने हायवेवर ताणायचं नाही, चढावर रेटायचं नाही, सावनेर किंवा उमरेडच्या रस्त्याने वेग बदलत चालवायची. मग तेल आणि फिल्टर काढून टाकायचे, चाळणीवर धातूची चमक किती आली ते पाहायचं, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे आणि व्हॉल्व्हची गॅप नव्याने लावायची. हे सगळं मे महिन्यात करू नये, दिवाळीनंतर करावं.